दावा, पानाला दीडशे

शिवाजीनगर कोर्टाच्या गेटासमोर
स्टॅम्पवाल्या दुधाण्यांच्या टपरीत अर्धं टेबल माझं.
इंग्रजी-मराठी भाषांतर करून मिळेल,
पानाला दीडशे, शिक्क्याचे वेगळे.

पेटंटवाल्यांचा दावा म्हणजे आपण काय शोधलं ते.
कोर्टातला दावा म्हणजे आपलं काय गेलं ते.
इंग्रजीत दोन शब्द आहेत त्याला.
आपल्याकडे एकच,
आणि गुरं बांधायचं दावंही त्याच्याच शेजारी.

इंदुमती कोंढरे, धनकवडी, पिठाची गिरणी.
क्षयाची इंजेक्शनं, एकूण चौऱ्याऐंशी.
एकसष्टाव्याला कानात शिट्टी सुरू झाली,
सत्तराव्याला शिट्टीही गेली.
त्याआधी म्हणे पाठमोरी उभी राहून सांगायची,
कुणाचा डबा संपत आला,
कुणाच्या ज्वारीत खडा आहे,
दगडांना टाकी मारायला कधी झाली.
आता नळीखाली तळहात धरून उभी असते.

तिचा दावा मी इंग्रजीत नेला. बत्तीस पानं.
कंपनीचं उत्तर मराठीत आणलं:
'सदर औषधाने श्रवणशक्तीस अपाय होतो
हे प्रतिवादीस माहीत नव्हते व नाही,
वादीने ते कसोशीने शाबीत करावे.'
कानांवर हात ठेवले. तीन शब्दांत झालं असतं.
पण प्रतिज्ञापत्रात वाक्प्रचार चालत नाहीत
आणि मी पानावर पैसे घेतो.

मग आषाढात कधीतरी वकील तांबोळीबाई
प्लास्टिकच्या पिशवीतून एक बाड घेऊन आल्या.
त्याच कंपनीचा पेटंटचा अर्ज, सात वर्षं जुना.
'पूर्वीच्या क्षाराने कानाची नस मरते, हे सर्वश्रुत आहे.
आमच्या नव्या क्षाराने ती कमी मरते.
सबब हा शोध आमचा.'

सर्वश्रुत.
मी पेन खाली ठेवलं. चहा सांगितला.
सर्वविदित लिहून पाहिलं, सर्वज्ञात लिहून पाहिलं,
खोडलं.
शेवटी सर्वश्रुतच राहू दिलं.

पेटंटचा निकाल बाडाच्या तळाशीच होता.
अपाय कमी झाला म्हणजे गुण वाढला असं नव्हे.
कलम तीन, ड. अर्ज नामंजूर.
बरं झालं, बाई म्हणाल्या, औषध स्वस्त राहिलं.
मलाही पटलं ते. अजूनही पटतं.

इंदुमतीचा निकाल मार्चमध्ये लागला.
अर्जातलं ते विधान शोधाची थोरवी सांगण्यापुरतं,
त्यास कबुली समजता येणार नाही.
शिवाय वादीची गिरणी आहे,
गिरणीत आवाज असतो,
कान आवाजाने गेले नसतील कशावरून?
दावा नामंजूर. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

तिथं कान थोडा वाचला, ते पुरेसं नव्हतं.
इथं अख्खा गेला, तेही.

मराठी प्रत न्यायला ती एकटीच आली,
कोपरापर्यंत पीठ, रिक्षा थांबवून.
मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो,
'वादीतर्फे असे निवेदन करण्यात आले की'
आणि दुधाण्यांनी मला ढोसलं.
कागद तिच्या हातात दिले.

तिनं पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं.
मधली पानं नुसती अंगठा नि तर्जनीत धरून
चोळून पाहिली, जरा वेळ.
मग म्हणाली, गिरणी चालू असल्यासारखी मोठ्यानं,
रांगेतली माणसं वळून बघायला लागली:
'जाड पडलंय.
परत टाकायला लागेल.'

अपिलाची मुदत मी बोटांवर दाखवली.
पावती केली, सव्वीस पानांची.
होती सत्तावीस.
सर्वश्रुत असलेलं धरलं नाही.