मानेचं मोल

ये मेंढ्या, इकडे ये. मीठ आणलंय, चाट.
उद्या तुझं डोकं उतरवतील
आणि तुझ्या मानेवरून उचलतील
माझ्या मानेची किंमत –
सहा औंस चांदी, बारा हिवाळ्यांची.
रात्री, त्यांची कामं उरकल्यावर,
फ्योर्डच्या काठी मी समुद्र उकळून मीठ काढलं,
पाणमांजरांची कातडी विकली.

कायदा असा, की सुरी धरावी
जन्मानं स्वतंत्र असलेल्यानं.
तू आडवा आलास त्या रात्री
कोपरापर्यंत हात घालून तुला ओढला तो मी,
तरी माझा हात चालणार नाही.
नऊ मापं जव मात्र मीच भिजवलाय.
दारू माझी, पाहुणे त्यांचे.

हाल्स्टेन येईल. कमरेला ती,
'कावळ्याची भूक'.
तिच्या लोहाराचं, लोहाराच्या बापाचंही नाव
इथं पोरासोरांना पाठ.
मला कोल म्हणतात. कोळसा.

त्या तलवारीनं आयर्लंडात, आमच्या गावात काय केलं
ते कवीनं सोळा ओळींत बांधलंय.
दर हिवाळ्यात ऐकतो, चुलीत लाकूड सारत.
धुरावर एक ओळ आहे. धुराखालच्यांवर नाही.
पण चांगलं रचलंय.
एकदा तर माझाच पाय
ठेका धरत होता.

तिला धार मीच लावतो.
एकदा तो वाकला होता बघायला,
मान उघडी, माझ्यापासून वीतभर.
मी चाकावर पाणी सोडत राहिलो.
का, ते विचारू नकोस.
मेंढ्यानं मेंढ्याला विचारू नये.

बेरा सुटणार नाही एवढ्यात.
पोरगा तिच्या मोजणीत, वासरासारखा.
परवा काठी घेऊन खेळत होता ओडी.
काठीला नाव ठेवलं होतं.
भटारखान्यातल्या मुलीचे हात गवतानं बांधून
तिला बोटीत बसवत होता –
तुझीच गव्हाण ती.
मी गवत सोडलं. तो रडला.
म्हणाला, बाबा, मग मी काय व्हायचं?

उद्यापासून मान ताठ ठेवायची म्हणतात.
कशी, ते कायद्यात नाही.

मीठ संपलं रे.
आता चाटतोयस तो माझा हात.