सहीची जागा

साखरतरहून सुटलेली कंपनीची बस
साडेपाचाला फाटकात येते.
चाळीसेक बायका उतरतात, अजून अर्ध्या झोपेत,
आणि माझ्या टाइम ऑफिसच्या खिडकीपुढे
अंगठे पुसत उभ्या राहतात,
पदराला, ओढणीला, गाऊनच्या खिशाला.

यंत्र मुठीएवढं.
हिरवा दिवा लागला की माणूस हजर.

शेवंती जैतापकरचा दिवा लाल लागला
तो मंगळवार होता.
म्हटलं, वहिनी, जरा दाबून.
तिनं दाबला. फुंकर मारली. गालावर घासला.
मागच्या हमीदानं पर्समधली पावडर चोळून दिली.
लाल.
"माजा आंगठा खंय गेला रं?"
रांग हसली. मीही हसलो,
मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

अंगठा कुठं गेला ते मला ठाऊक आहे.
अकरा वर्षं, रोज तीसेक किलो:
डोकं पिरगळायचं, कवच उलटं ओढायचं,
पाठीतला काळा दोरा नखानं उपसायचा,
खाली बर्फ, वर बर्फ, मधे क्लोरीनचं पाणी.
कोळंबी तरी आपल्या खाडीची कुठं?
ती आंध्रातून ट्रकनं येते, तळ्यात वाढलेली,
सगळी एका मापाची,
समुद्र न बघितलेली.
तिच्या अंगात काहीतरी असतं कातडं खाणारं.
रात्री बायका मुठेल वितळवून बोटांना लावतात.
बोटं मऊ होतात, रेषा परत येत नाहीत.

वरून फोन आला:
यंत्र चुकत नसतं, अर्धा दिवस कापा.

तेव्हा ती खिडकीत वाकली आणि हळूच म्हणाली,
"पेन दे. मी सही करतंय. मना लिवता येतं."

तिची आय जन्मभर निळ्या शाईत अंगठा बुडवत आली,
सोसायटीच्या कर्जाला, होडीच्या विक्रीला,
नवऱ्याच्या मयताच्या दाखल्याला.
त्याचीच चीड येऊन शेवंती
लग्नाच्या वर्षी शाळेच्या पडवीत जाऊन बसली,
कंदिलाच्या उजेडात, पोटात सहा महिन्यांचं पोर घेऊन,
आणि चार महिन्यांत स्वतःचं नाव शिकली.
आता रेशनवर अंगठा, बँकेत अंगठा,
फाटकात अंगठा.
लिहिलेलं नाव कुणी मागत नाही.

कपाटाच्या तळाशी यंत्राच्या आधीचा हजेरीपट होता,
वाळवीनं एक कोपरा खाल्लेला.
मी तो उघडला, रेघ मारून दिली.
तिनं चष्मा नाही म्हणून डोळे बारीक केले.
'शे'ची मात्रा कोळंबीच्या मिशीसारखी मागं झुकली,
'ती' ओळीखाली घसरली,
आणि सगळ्यात शेवटी 'व'वर तिनं टिंब दिलं,
पेन टेकवून, जरा वेळ तसंच धरून.

पुढच्या आठवड्यात यंत्रानं एक बोट ओळखलं.
डाव्या हाताची करंगळी.
सोलताना ती बाजूला राहते, म्हणून शाबूत.
तेव्हापासून कंपनीच्या दप्तरात
शेवंती जैतापकर म्हणजे ती करंगळी.
किती दिवस पुरेल याचा हिशेब मी केलेला नाही,
माझं काम हिशेबाचं असून.

सही मात्र ती रोज करते.
त्या वहीला पगार नाही, तपासनीस नाही,
साहेबांना ती वही आहे हेच माहीत नाही.
सकाळी येताना एक, संध्याकाळी जाताना एक.
संध्याकाळी बोटं पांढरी पडलेली असतात,
पेन मुठीत धरावं लागतं, कालथ्यासारखं,
टिंब भलतीकडेच पडतं.

काल मी पान उलटून बघत बसलो.
एकाच बाईच्या एकाच दिवसाच्या
दोन सह्या
एकमेकींशी जुळत नाहीत.