साडेआठशे

रुस्तावीत, पोलाद कारखान्याच्या भिंतीमागे,
जुंबेरच्या गॅरेजात त्सिआलाबाईंची ओपेल,
त्र्याण्णवची. सिग्नलला थांबली की
काटा सहाशेला टेकतो, दचकून पंधराशेला जातो,
परत खाली.
"धाप लागतेय हिला," बाई म्हणतात.
त्या नर्स आहेत, त्यांना असंच दिसणार.

जुंबेर बॉनेट उघडतो, पण हात लावत नाही.
सूर्यफुलाच्या बिया सोलत, टरफलं खिशात टाकत
तो ऐकतो
आणि मी ऐकल्यासारखं करतो.

मग आयडल व्हॉल्व्ह काढला. काजळीने माखलेला.
धुतला. फरक नाही.
तापमानाचा सेन्सर मोजला,
खरं बोलत होता बिचारा.
मी म्हटलं, प्लग बदलू या.
"पैसे तुझे का?"

क्लीनरचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाला,
"थोडं थोडं मार. आवाज बदलेल तिथे थांब."
सांध्यावर फुस्स. काही नाही.
इंजेक्टरच्या बुडाशी. काही नाही.
पार मागे, जिथे मनगट वळत नाही,
एका रबरी नळीच्या पोटाला फवारा लागला
आणि इंजिनाने आवंढा गिळला.
करंगळीच्या नखाएवढी चीर.
तिथून चोरून वारा पीत होतं, किती वर्षं कोण जाणे.

नळी सहा लारीची. नवी बसवली
आणि काटा जो सोळाशेवर चढून बसला
तो उतरायचं नाव घेईना.

जुंबेर वाकला. थ्रॉटलच्या स्क्रूभोवती
लाल नेलपॉलिशच्या खुणा. सहा.
"याला कुणी हात लावला?"

"गुराम. दर हिवाळ्यात थोडासा पिळायचा,
मग बंद नाही पडायची.
बाटली माझी न्यायचा, झाकण कधी नीट लावलं नाही."
गुरामला जाऊन तीन वर्षं झाली.

जुंबेरने हात पुसले. पुसलेले परत पुसले.
"आतल्या संगणकाला," तो म्हणाला,
"वाटतंय की पाय अजून पेडलवरच आहे.
म्हणून तो आयडल सांभाळतच नाही."

म्त्क्वारीकडून वारा आला, छपराचा पत्रा वाजला.
"फिरवा," बाई म्हणाल्या.

एकेक खूण उलटी. पाच. चार.
शेवटच्या वळणाला आत कुठेतरी बारीक 'टक्' झालं.
काटा उतरला. नऊशे. आठशे ऐंशी.
साडेआठशेवर थांबला.

मी बॉनेट लावायला पुढे झालो.
"राहू दे जरा उघडं," त्या म्हणाल्या.