आढळले नाही

सोहारच्या पालिकेत, तिसऱ्या मजल्यावर
तीन लिफाफे फोडले.
खमीस अल बलूशींनी बेरजा दोनदा तपासल्या,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि विचारलं, हिंदीत, कारण माझं अरबी
मासळीबाजाराच्या पुढे गेलेलं नाही:
"खानोलकर, या यंत्राला आठ दिसतं,
त्या यंत्राला शून्य दशांश पाच.
फरक साडेसातांचा.
त्याचे एकतीस हजार रियाल जास्त?"

वजाबाकी बरोबर होती.

दुबईहून शिबू कुरियन येऊन गेला होता,
गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक घेऊन.
त्यातल्या एकाही यंत्रावर धूळ नाही.
जोडणी फुकट, शिकवणी फुकट, पाच दिवस.
आर्गॉनचं सिलिंडर मात्र ट्रकने सीमा ओलांडून येतं
आणि ईदच्या आठवड्यात येत नाही,
हे त्यात नव्हतं. ते मी घातलं, कलम सतरा.
कलम अठरा: ऑगस्टमधली वीज.
कलम एकोणीस लिहिलं आणि खोडलं.

आमचं आत्ताचं यंत्र एकोणीस वर्षांचं.
सुरैय्या अल मकबाली त्याला शायिब म्हणते,
म्हणजे म्हातारबा.
सकाळी त्याच्याशी बोलल्याशिवाय ज्योत पेटवत नाही.
शिशाचं म्हणाल तर
कायदा म्हणतो, दहा. अब्जात दहा भाग.
शायिबला पन्नासच्या खालचं दिसत नाही.
मोतीबिंदू.
जे दिसत नाही त्यापुढे आम्ही लिहितो
"आढळले नाही".
"नाही" असं लिहीत नाही. तेवढं शास्त्र आम्हाला येतं.
वाचणारा मधला शब्द गिळतो,
आणि खाली सही असते ती माझी.

"आठ म्हणजे दहाच्या आत," खमीस म्हणाले, "पुरे की."
मी सांगितलं, आठ हा आकडा
कारखान्यातल्या गार खोलीत,
निवळशंख पाण्यात, कंपनीच्या पोराने काढलेला.
आपल्या टाक्यांचं पाणी खारट, गंजकं.
त्यात आठाचे तीस होतात.

हे खरं होतं, पण कारण हे नव्हतं.

फलज अल कबाइलच्या कामगार वस्तीतून
एक मल्लेशम आला होता, जगतियालचा,
सोड्याच्या बाटलीत टाकीचं पाणी घेऊन.
जिभेवर खिळा ठेवल्यासारखी चव, म्हणाला.
अर्ज नाही, कंपनीचा शिक्का नाही,
असा नमुना घेता येत नाही.
जेवणाच्या सुट्टीत घेतला.
शायिब फुसफुसला, सुई हलली नाही.
खिडकीतून मी सांगितलं, आढळलं नाही.
त्याने ऐकलं, नाही.
हसला. दोन केळी ठेवून गेला.

बाटली फ्रीजमध्ये आहे, खालच्या कप्प्यात, मागे.
चार थेंब आम्ल घातलंय,
म्हणजे धातू भिंतीला चिकटत नाही,
पाण्यातच थांबून राहतो.
सहा महिने, असं पुस्तक म्हणतं.
झाले चौदा.

हे सगळं खमीसना सांगितलं,
केळी सोडून.

ते बराच वेळ लिफाफ्यांच्या कडा जुळवत बसले.
मग चष्मा खाली घेतला.
"समजा घेतलं महागडं. समजा त्याने अकरा म्हटलं.
मग ती टाकी कोण बदलणार, खानोलकर?
त्या वस्तीत टाक्या किती आहेत, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.
कलम एकोणीस मी त्यासाठीच खोडलं होतं;
यंत्राच्या टेंडरमध्ये त्याला जागा नसते.

"चाळीस," ते म्हणाले. "माझा मेहुणा पाणी पुरवतो."

तिन्ही लिफाफे त्यांनी मस्कतच्या पिशवीत टाकले,
शिफारशीची चौकट कोरी.
मग पिशवी परत ओढली, पेन मागितलं,
माझंच घेतलं,
आणि काय लिहिलं ते हाताने झाकून लिहिलं,
शाळेतल्या पोरासारखं.

खाली आलो.
सुरैय्याने डोळ्यांनीच विचारलं. मी खांदे उडवले.
भर दुपारी शायिबचा दिवा लावला.
तापायला अर्धा तास लागतो.