सहा बेचाळीस

कॅमेरा घेतला साकोलीच्या लग्नवाल्या स्टुडिओतून,
पट्ट्यावर अजून हळदीचा डाग.
फ्लॅश मेलेला आहे, म्हणाला, बाकी जितं आहे.
मला फ्लॅश नकोच होता.
मला हवा होता बोडीवरचा खंड्या,
जो माझी सावली पाण्यावर पडण्याआधीच
निळी रेघ ओढून निघून जातो.

कंपनीच्या रिमोटची किंमत विचारली,
तर दोन जळक्या मोटारी भरायची मजुरी.
मोटारी मीच भरतो, म्हणून हिशेब पटकन कळला.

मग जुन्या इअरफोनची वायर सोलली.
आत तीन धागे, केसाएवढे, वर लाखेचा थर;
काडी ओढून धरली, चर्र झालं.
एक जोडला की भिंग डोळा बारीक करतं,
दुसरा जोडला की
खट्.

पंचवीस मीटर तार बेशरमाच्या झुडपातून नेली.
पहिल्या दिवशी बकरीनं चावली.
दुसऱ्या दिवशी पोरांनी गुंडाळत आणली थेट माझ्यापर्यंत,
कुठवर जाते ते पाहायला.

म्हणून बिनतारी बेल, एकशे ऐंशी रुपये,
घराच्या दाराला लावतात ती.
तिचा भोंगा काढून त्या जागी इवलासा रिले.
आता बटण दाबलं की डिंगडाँग नाही,
नुसती पापणी मिटते.
बसवताना तीनदा दाबून पाहिलं. मिटली.

तेलाच्या पिंपात कॅमेरा, पुढे काच, वर बारदाना,
समोर पाण्यात रोवलेली येनाची काडी.
रात्री तिथंच ठेवला.
पहाटे ठेवायला गेलं की तो दिवसभर
त्या काडीला पाठ दाखवतो.

सातपासून पळसाआड बसलो.
मुठीत बटण घामेजलं.
तो आला नाही. मी दाबलं नाही.

घरी येऊन पाहिलं, कार्डात चार फोटो.

दोन वाजून दहा : काळा.
दोन वाजून दहा : काळा.
दोन वाजून दहा : काळा, कुणाला तरी घाई असल्यासारखा.
सहा बेचाळीस : खंड्या.
चोचीत आडवा मासा, शेपटीवरून सुटलेला थेंब
अजून पाण्यापर्यंत पोचलेला नाही.

दोन दिवस रिले उघडून बसलो.
तिसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कामासाठी,
उपकेंद्रात गेलो. पाळीच्या अगदी खाली आहे ते.
कोडापे सिस्टरच्या चौकटीला
तीच बेल, त्याच दुकानातली.

सिस्टर म्हणाल्या, रात्री दोनला पुस्तकलाला आणलं,
तिच्या दिरानं बटण दाबून दाबून झोपमोड केली.
पोरगी झाली. दोन किलो आठशे.
आणि सकाळी?
सकाळी डोमाजी वलथरे. अंगठ्यात गळ रुतलेला.
मग माझ्याकडे रोखून :
आदल्या संध्याकाळी तीनदा वाजवून
कोण पळालं, ते तुम्हाला माहीत आहे का?

मी डोमाजीकडे गेलो, कॅमेरा घेऊन.
डोमाजी धीवर. खंड्यालाही धीवरच म्हणतात,
ते मी सांगितलं नाही, त्यांना ठाऊक असणार.
पट्टी बांधलेला अंगठा वर धरून
त्यांनी खूप वेळ फोटो पाहिला.
पक्ष्याविषयी काहीच बोलले नाहीत.
म्हणाले,
"मरळीचं पिल्लू हाये.
हे माह्या गळाले यायचं होतं गा."

बेलीच्या आत एक छोटी पिन असते,
जागा बदलली की दोघींची भाषा वेगळी होते.
दहा मिनिटांचं काम.
ते अजून झालेलं नाही.
बटण दुकानाच्या खणात पडून आहे,
मी दाबलं तर सिस्टर उठतात.

काल रात्रीचा एकच फोटो,
तीन वाजून पाच. काळा.
चहा टाकण्याआधी पाळीवर चढून आलो.
काडी रिकामी होती.
खाली उपकेंद्राचा दिवा चालू होता.