हाताला कळतं

कागदी तुतीची साल आम्ही उन्हं उतरेपर्यंत कुटतो.
एकीचा ठोका चुकला तर शेजारणीचा ठोका
तिला न बोलता सावरून घेतो.
मग पट्टीवर पट्टी, उकडलेल्या कंदाची खळ,
आणि शेवटी कापडावरून तळवा.
डोळे मिटले तरी चालतं.
वाळूच्या कणाएवढी गाठ असली तरी हाताला कळते.
इथे वावाऊ बेटावर हे आठ वर्षांच्या पोरीलाही येतं.

मेलेआने तर आमच्यात सगळ्यांत तरबेज.
तिला स्वतःची कळली नाही.
किंवा कळली, आणि ती म्हणत राहिली
पिशवीचा बंद काचला असेल.
वर्षभर तोच बंद, तीच पिशवी.
मग विमानाने नुकुआलोफा, तिथून ऑकलंड,
मग पेटी.
आम्ही फाटक्या चटया कमरेला गुंडाळून ओळीने बसलो,
रडलो,
आणि उठून जेवलो. पोटभर. तसंच करतात.

गेल्या मंगळवारी नर्स सेइनीने
चर्चच्या हॉलमध्ये काटा आणला.
दवाखान्यातला आमच्यापुढे हात टेकतो, म्हणून
बंदरावरचा, खोबरं मोजायचा.
लोसेआनी चढली आणि म्हणाली,
आज भाव काय फुटलाय?
हसून हसून बाकं करकरली.

साखर माहीत आहे? सेइनीने विचारलं.
माहीत आहे. माझ्या नवऱ्याचा पाय त्यातच गेला.
रक्तदाब? तोही.
आणि वजनाचा छातीतल्या गाठीशी काही संबंध?
हॉल गप्प.
तीस वर्षं चर्चमधलं गाणं उचलून धरणारी वाइका
हळूच म्हणाली, ते तर कुणाच्या तरी शापाने होतं ना?

सेइनी काट्यावरच बसली, पाय हलवत.
म्हणाली, पाळी गेली की अंडाशय झोपतात.
चरबी झोपत नाही.
रात्रपाळीला लावल्यासारखी ती तोच रस गाळत राहते,
आणि छातीतल्या पेशींना वाटतं
अजून पंगत उठलेली नाही, वाढा.

पण लुपे? मी विचारलं. माडाच्या हिरासारखी होती ती.
हो, सेइनी म्हणाली. तिलाही झाला.
जाडीला होतोच असं नाही,
काटकुळी सुटली असंही नाही.
पारडं झुकतं, एवढंच.
कुणाला दोष द्यायला मी काटा ओढत आणला नाही.

मला राग आला होता, कुणाचा ते कळेना.
माझी आई भरल्या अंगाची.
तिच्या मांडीवर तीन नातवंडं एकदम निजायची.
त्या अंगाला मी वाईट म्हणणार नाही,
काट्याला म्हणायचं असेल तर म्हणू दे.
पण आईच्या ताटात नीरफणस असायचा, पहाटेचा मासा असायचा.
माझ्या ताटात डब्यातलं गोमांस,
आणि मेंढीच्या पोटाचे ते पांढरे, चरबीचे तुकडे
जे तिकडे कुणी फारसं खात नाही
आणि आमच्या धक्क्यावर स्वस्तात उतरतात.
मासा आता हॉटेलवाले नेतात.

एकशे आठ भरले माझे.
सेइनीने वहीत लिहिलं, मोठ्याने वाचलं नाही.
जाताना फक्त एवढं म्हणाली,
संध्याकाळी डोंगरावरच्या वाटेने चालायला या, सगळ्या.
आणि हात आहेत ना तुम्हाला?

आहेत.
काल रात्री दिवा मालवून
मी पहिल्यांदा स्वतःवरून तळवा फिरवला,
कापडावरून फिरवतो तसा, कडेकडून, सावकाश.
बावन्न वर्षांत हे कापड मी कधी तपासलंच नव्हतं.
चार मुलं प्यायली, नवरा निजला,
मी मात्र आंघोळीपुरती.

डावीकडे, काखेच्या जरा खाली, एक जागा आहे.
काही नसेल.
पिशवीचा बंद, असं तोंडात आलं होतं
ते तिथेच गिळलं.

सेइनी शुक्रवारी बंदरावर असते,
खोबऱ्याच्या काट्यापाशी.
वाइकाला सांगितलंय, बरोबर ये.
ती म्हणाली, येते,
आणि मग, बऱ्याच वेळाने,
माझाही हात थांबलाय गं एका ठिकाणी.