डावा कान

तापकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
दस्तगीरभाईंच्या टेबलावर
माझा प्लेअर उताणा पडलाय.
डाव्या कानात आवाज नाही.

आल्या आल्या मीच कबूल केलं:
कंपनीचं फर्मवेअर काढलं, दुसरं घातलं,
कुठल्या कुठल्या पोरांनी फुकटात लिहिलेलं.
आवाजाला घातलेलं कुंपण काढलं त्यात.
अकरा दिवस सुखात गेले, मग हे.
जळलं ना आतून काहीतरी?

ते भिंग न लावताच म्हणाले,
"हुकूम बदलला म्हणून हात मोडत नाही.
हां, बॅटरीला नको तेवढं पाजाल, तर फुगेल.
स्पीकरला ओरडायला लावाल, तर घसा बसेल.
बाकी फार तर बेशुद्ध पडतं. उठवता येतं."

मग झाकण निघालं.
बॅटरी सपाट. चिप जशीच्या तशी, काळी, गप्प.
जॅकपाशी मात्र डागाला केसाएवढी चीर.
"वायर गुंडाळून खिशात कोंबता?"

कात्रज ते शिवाजीनगर, रोज, चार वर्षं.
उतरताना कुणाच्या तरी पिशवीत अडकायची,
मी हिसडायचो.

"म्हणजे फर्मवेअरचा दोष नाही?"
विचारताना माझा चेहरा पडला असावा,
कारण ते पहिल्यांदाच हसले.
डाग दिला. राळेचा धूर.
एकशे वीस रुपये, पावती नाही.

जिन्यातच डावीकडून तबला आला.

घरी जाऊन जुनंच परत घालायचं ठरवलं होतं.
राहू दिलं.
आवाज तेवढा दोन घरं खाली आणला,
भीतीनं नाही;
दोन्ही कानांत वाटला
की तेवढा पुरतो.